उजव्या बाजूची पट्टी

प्रिय दादा,

हे पत्र सगळ्यांच्या देखत उघडलं असशील तर घडी घालून खिशात ठेव आणि एकटा असशील तेव्हा वाच. ऑफिसात मात्र वाचू नकोस. का, ते पुढे येईलच. फोनवरही बोलता आलं असतं, पण तू नेहमीसारखं "बरं बरं, आईला जप" म्हणून ठेवून दिला असतास, आणि मला जे सांगायचंय ते बरं बरं म्हणण्यासारखं नाही.

आई ठीक आहे. गुडघा धरतो, जीभ मात्र अजून सैल आहे. परवाच मला म्हणाली, "बेचाळीस वर्षांची घोडी झालीस, अजून नखांतलं काळं जात नाही तुझ्या." मी म्हटलं, "बाबांचं तरी कुठे गेलं होतं?" वर्कशॉपचं छप्पर गेल्या वर्षी बदललं. तू असताना आपल्याकडे दिवसभर हातोड्यांचा आवाज असायचा. ती ठोकाठोकी मी केव्हाच बंद केली. आता फक्त जुन्या गाड्यांचा साज बघते: बाजूच्या पट्ट्या, बंपर, नावांची अक्षरं, दिव्यांच्या कड्या. लोक लांबून फोटो पाठवतात आणि विचारतात, ही पट्टी कोणत्या सालची, कंपनीची का मागून कोणी लावलेली? बाबांनी जमवलेली कंपन्यांची चित्रपुस्तकं उघडायची, भिंग लावायचं आणि सांगायचं. माझं सहसा चुकत नाही. ही बढाई नाही, दादा. या वेळी चुकलं असतं तर फार बरं झालं असतं.

दीड महिन्यापूर्वी एक दातांची डॉक्टर तिची गाडी घेऊन आली. दोन सीटची, बुटकी, लांब नाकाची जुनी स्पोर्ट्‌स कार. मूळ रंग गडद हिरवा असावा, वर कोणीतरी मरून रंग मारलेला. बाई मोठी उत्साही. गाडीभोवती फिरताना सुद्धा दाढेत कीड शोधल्यासारखी वाकून वाकून बघते. मी तिला मनातल्या मनात दातवाली म्हणायला लागले, तेच नाव राहिलं. तिला जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनात ती उभी करायची होती, आणि तिथे सगळ्यांचं घोडं एकाच गोष्टीपाशी अडलं होतं. पुढच्या चाकाच्या कमानीपासून मागच्या चाकाच्या अलीकडे वीतभर अंतरापर्यंत, दोन्ही बाजूंना एकेक रुंद चकचकीत पट्टी. तिच्यावर तीन उभार, मधल्या खाचेत काळी रेघ, आणि टोकाकडे निमुळती होत जाणारी, जशी काही गाडीच्या अंगातूनच उगवली आहे. तिच्या क्लबातला एक जण म्हणे ही खास आवृत्ती आहे, दुसरा म्हणे शर्यतीची गाडी असणार. "ताई, तुम्ही फक्त एवढंच सांगा," दातवाली म्हणाली, "ही पट्टी कोणती आहे?"

खरं सांगते, पहिल्या नजरेत मला ती आवडली. इतकं नेटकं काम हल्ली दिसत नाही. पण त्या मॉडेलच्या एकाही चित्रात तशी पट्टी नव्हती. कंपनी बाजूच्या पट्ट्या पत्र्याच्या घडीवर बसवते. ही घडीच्या चार बोटं खाली होती, जिथे कोणताही शहाणा माणूस पट्टी लावणार नाही. मी सगळी पुस्तकं पालथी घातली. मग त्या कंपनीच्या कारखान्यात पूर्वी आराखडे काढणारे एक म्हातारे गृहस्थ आहेत, त्यांना फोटो पाठवले. त्यांचं दोन ओळींचं उत्तर आलं: "आमची नाही. मात्र ज्याने केली त्याला पत्रा वश होता, आणि त्याला काहीतरी झाकायचं होतं." ते वाचताना माझ्या मनात पहिल्यांदा पाल चुकचुकली.

मी दातवालीची परवानगी घेऊन डावीकडची पट्टी उतरवली. एका दुपारी, शटर अर्धं ओढून. उलटी करून पाठ पुसली, आणि कानशीच्या रेघा दिसल्या. सगळ्या उजवीकडून डावीकडे कललेल्या. उजव्या हाताने कानस चालवणाऱ्याच्या रेघा अशा पडत नाहीत. त्याखाली सुईने कोरलेली तारीख होती. केलेल्या कामाच्या पाठीवर नाव टाकायचं नाही, तारीख मात्र टाकायची, नाव मिरवायला असतं आणि तारीख जबाबदारीला, हे बाबांनी आपल्या दोघांना किती वेळा ऐकवलं असेल! बाबा गेले तोच महिना होता, वर्षही तेच. चौदा तारीख. तरी मी स्वतःला म्हटलं, जगात तुझ्याशिवाय डावखुरे कमी आहेत का? सुतावरून स्वर्ग गाठू नये.

पट्टी मी घरी नेली, जेवणाच्या टेबलावर ठेवली आणि हात धुवायला गेले. परत येते तो आई ती मांडीवर घेऊन बसलेली. डोळ्यांना तिला आता फारसं दिसत नाही, पण टोकाशी जी आत दुमडलेली कड आहे तिच्यावरून अंगठा फिरवत होती. "अगं, हा आपल्या दादाचा हात!" म्हणाली. मी म्हटलं, "कशावरून?" तर उठली, माझा हात धरून मला स्वयंपाकघरात नेलं आणि तू फळीला लावून दिलेल्या पत्र्याच्या कडेवर माझं बोट ठेवलं. बोटाला लागू नये म्हणून तू कड दोनदा दुमडून टोकाशी किंचित चिमटा काढतोस. बाबाही एकदाच दुमडायचे. मग माझं बोट तिने पट्टीवर ठेवलं. तोच चिमटा. "पंचवीस वर्षांनी घरी आली बघ," ती म्हणाली. "कुठे मिळाली गं? कोणाच्या गाडीला केली होती त्याने?" तिचा चेहरा इतका फुललेला मी कित्येक वर्षांत पाहिला नव्हता. मी म्हटलं, विचारून सांगते. त्या रात्रीपासून तिच्याशी सरळ बोलणं मला जमलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी पट्टीखालचा रंग आणि पुट्टी खरवडून काढली. वरचं झाकण जितकं देखणं तितकंच खालचं काम घाईचं होतं, दादा. हातभर लांबीचा चर, आतून कसाबसा ठोकून वर आणलेला, आणि दाराच्या पुढे, जिथून तो चर सुरू होतो तिथे, रुपयाएवढा गोल खोल ठसा. ठशाच्या कडेला पुट्टीखाली निळा रंग चिकटला होता. हिरवट झाक असलेला निळा. तो रंग दुकानात मिळत नाही. बाबांनी आइस्क्रीमच्या गाडीसाठी स्वतः कालवला होता, आणि उरलेल्यातून आपली सायकल रंगवली होती. हँडलचं क्रोम उडालं होतं म्हणून हँडलसुद्धा. तू तेव्हा त्यांना हसला होतास, की आता घंटीच्या जागी कुल्फीवाल्याची घंटा लावा.

सायकल अजून मागच्या पडवीत आहे. आईने ती कोणाला देऊ दिली नाही, चालवूही दिली नाही. मी ती काढली, ढकलत वर्कशॉपमध्ये आणली आणि गाडीच्या डाव्या अंगाला उभी केली. सरळ उभी केली तर उजवी मूठ ठशाच्या वर राहत होती. मला क्षणभर हायसं वाटलं. मग मी ती गाडीकडे कलती केली, तोल जाताना माणूस कलतो तशी. रबर निघालेलं हँडलचं टोक त्या ठशात जाऊन बसलं. कडी कोंड्यात बसावी तसं. मी ते तसंच धरून किती वेळ उभी होते कोण जाणे. बाहेर शाळा सुटली होती, मुलं ओरडत चालली होती, आणि मला वाटत होतं की सायकल सोडली तर कोणीतरी पडेल.

गाडी कोणाकडून घेतली, हे मी त्यानंतर दातवालीला विचारलं. खरंतर आधीच विचारायला हवं होतं. ती सहज म्हणाली, "टेकडीवरच्या बंगल्यातून. खाणवाले म्हणून आहेत ना, ते आजारी होते, त्यांच्या सुनेने शेड रिकामी करायला काढली. ताडपत्रीखाली कित्येक वर्षं पडून होती म्हणे."

खाणवाले काका. ज्यांनी बाबा गेल्यावर घरी येऊन, बाबांच्याच खुर्चीत बसून, "असा कारागीर पुन्हा होणे नाही" म्हटलं. ज्यांनी तीन महिन्यांत तुला लांबच्या गावी आपल्या ऑफिसात चिकटवून घेतलं. आईने तेव्हा त्यांना हात जोडले होते. मीही जोडले होते. तू मात्र दाराला टेकून खाली बघत होतास. आम्हाला वाटलं, घर सोडायचं म्हणून पोराला भरून आलंय.

काका बरे होऊन घरी आले आणि शेड रिकामी दिसली, तशी गाडी कुठे गेली याचा शोध त्यांनी घेतला असणार. गेल्या मंगळवारी ते आले. ड्रायव्हरला बाहेर ठेवलं, काठी टेकत आत आले, स्टुलावर बसले. ऐंशी उलटली, पण नजर अजून दगड फोडणाऱ्याची. मी चहा विचारला, नको म्हणाले. गाडीवर मी चादर टाकली होती. तिच्याकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही.

"पट्टी काढलीस?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "कुठली, काका?"

"डावी."

बाहेरून काही दिसत नव्हतं, दादा. दोन बाजूंना दोन पट्ट्या असलेल्या गाडीबद्दल माणूस असं विचारत नाही. काठीच्या मुठीवर हात चोळत ते अगदी मायेने म्हणाले, "हे बघ मुली, जुना पत्रा फार खरवडू नये. आरपार भोक पडतं. ती बाई गाडी परत देईल, मी तिच्याशी बोलतो. तू पट्टी होती तशी लावून दे." उठताना माझ्या डोक्यावर हात ठेवला. दारात थांबून म्हणाले, "तुझ्या भावाचं बरं चाललंय ना? त्याला विचारून घे आधी. त्यालाच सगळं ठाऊक आहे." दुसऱ्या दिवसापासून त्यांची गाडी समोरच्या कडेला उभी असते. ड्रायव्हर काही करत नाही. नुसता बसतो, काच खाली करून माझ्या दाराकडे बघतो, आणि मी शटर लावलं की निघून जातो. एकदा आईला औषधाच्या दुकानात घेऊन गेले तर तिथेही होता. आईने विचारलं, कोण गं तो, सारखा दिसतो? मी म्हटलं, गिऱ्हाईक.

काका येऊन गेले त्याच दुपारी मी उजवी पट्टी उतरवली. तोवर तिला हात लावला नव्हता. लावायचं कारण नव्हतं. तिच्याखाली गाडीचा पत्रा अगदी कोरा होता, कंपनीतून आला तसा, ना चर ना ठसा. ती पट्टी काही झाकत नव्हती. ती फक्त जोडीला होती. एकाच बाजूला पट्टी असती तर बघणाऱ्याने विचारलं असतं, दोन्हीकडे असली की कोणी विचारत नाही, फार तर खास आवृत्ती म्हणतात. मी ती उलटी केली. तुझ्याच रेघा, तुझाच चिमटा. आणि तारीख, सोळा.

आता मी तेव्हाचे दिवस मांडते, चुकत असेन तर सांग. मंगळवारी बारा तारखेला तिन्हीसांजेला बाबांना कोणीतरी रस्त्यात उडवून गेलं. बुधवारपासून आई आणि मी हॉस्पिटलात. तू म्हणालास, अडलेलं काम आलंय, दोन तासांत येतो, आणि रोज सहा-सहा तासांनी यायचास. हाताला पॉलिशचा वास असायचा, त्याच हातांनी तू बाबांचे पाय चेपायचास. गुरुवार, चौदा. डावी पट्टी. ती तू न कळता केलीस असं मी धरून चालते. बड्या माणसाचा ड्रायव्हर झाकलेली गाडी घेऊन येतो, म्हणतो फाटकाला घासली, साहेबांना घरात बोलणी नकोत. बाप बेशुद्ध, डोकं ठिकाणावर नाही, तू ठोकलंस, भरलंस, झाकलंस. निळा रंग दिसला नसेल. दिसला असेल तरी कळला नसेल. मी भांडणार नाही.

पण शुक्रवारी पोलिसांनी सायकल घरी आणून दिली. पंधरा तारीख. मी कपडे न्यायला घरी आले होते. ती तू आत ढकलत नेलीस आणि मी खिडकीतून बघत होते. तू उजव्या मुठीवर तळहात ठेवून उभा राहिलास. मग मूठ हळूच वळवलीस, टोक बघितलंस, बोटाने त्याचा गोल मापलास. आणि नळाखाली हात धूत बसलास, नळ वाहतोय, तू धुतोयस. मी सतरा वर्षांची होते. मला वाटलं दादा रडतोय, दिसू नये म्हणून पाणी सोडलंय. मी तुला हाक मारली नाही. त्याची मला आजवर खंत होती, की तेव्हा जवळ जायला हवं होतं. आता वाटतं, गेले असते तर तू मला सांगितलं असतंस का?

कारण शनिवारी तू पुन्हा वर्कशॉपला गेलास. बाबा अजून जिवंत होते. ते त्याच्या पुढच्या शनिवारी, तेवीसला, गेले; त्या अकरा दिवसांत त्यांनी तोंडातून शब्द काढला नाही, पण आई म्हणते दाराकडे बघायचे. आणि तू त्या शनिवारी बसून कोऱ्या पत्र्यासाठी दुसरी पट्टी घडवलीस. तीन उभार, मधली खाच, टोकाचा चिमटा. काही म्हणजे काही कसर ठेवली नाहीस. तुला त्यांनी धमकावलं होतं का? नोकरीचं तेव्हाच बोलले होते का? का तू घाबरलास, की डावी करून बसलोय, आता आपणही त्यातलेच? एवढं सगळं मी रोज गाडीशेजारी बसून तुझ्या वतीने बोलत होते आणि रोज एका गोष्टीपाशी अडत होते. झाकायचंच होतं, तर पाठीवर तारीख का कोरलीस? डावीवर हाताच्या सवयीने पडली असेल. उजवीवर तुला ठाऊक होतं काय कोरतोयस ते. अक्षरं खोल आहेत, दोनदा गिरवलेली. मला वाटतं, कोणीतरी कधीतरी उलटून वाचावं असं तुझ्यातल्या कोणालातरी वाटत होतं. मी वाचलं. आता मी न वाचल्यासारखं कसं करू?

काल मी दातवालीला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "ताई, गाडी मी त्यांना देणार नाही. तुम्ही म्हणाल तिथे उभी करू." मग आम्ही दोघी पोलीस ठाण्यात गेलो. तिथल्या बाई अधिकारी तुझ्या वयाच्या आहेत. त्यांनी दोन्ही पट्ट्या उलटसुलट पाहिल्या, वर्कशॉपवर माणसं पाठवून गाडी आणि सायकल ताब्यात घेतली आणि मला कागद दिला. म्हणाल्या, प्रकरण फार जुनं आहे, किती टिकेल सांगता येत नाही, पण पट्टी ओळखणारं माणूस तुम्हीच आहात, तेव्हा तुम्ही लिहून द्या, कोणाची आणि कोणी केली. कितीजणांना मी असा दाखला लिहून दिला असेल, दादा, सवयीने हात पहिलं वाक्य लिहून मोकळा झाला: ही पट्टी कंपनीची नाही. पुढचं वाक्य लिहायला मला तासभर लागला. त्यात मी तुझं नाव लिहिलं आहे. सोमवारी त्यांची माणसं तुझा जबाब घ्यायला तिकडे येतील, आणि काकांची माणसं कदाचित त्याआधीच येतील, तू काय बोलायचं ते शिकवायला. म्हणून हे पत्र दातवालीचा भाऊ शनिवारी सकाळी तुझ्या हातात देईल. ते वाचलंस की त्याच्याच गाडीत बस, घरी कारण काहीही सांग, आणि इकडे ये. काकांचं जे व्हायचं ते होईल, तुझंही जे व्हायचं ते होईल, मी दोन्हीला उभी राहीन. पण आईला मी अजून काही सांगितलेलं नाही. ती रोज विचारते, दादाने ती पट्टी कोणाच्या गाडीला केली होती. ते उत्तर मी देणार नाही. ते तू यायचंस, तिच्यासमोर बसायचंस आणि द्यायचंस.

तुझीच,
धाकटी